कॉलेजचे एक वर्ष आणि परदेशचा करार
(एस. वाय. बी. ए.)

बास्केटबॉल या खेळाचा जन्मच मुळी एका शिक्षणसंस्थेत झाला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. चे एक प्रशिक्षण विद्यालय होते. तेथील जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या हिवाळ्यात, बाहेर खेळता येत नाही म्हणून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी, व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि हा खेळ सुरू केला. तेव्हापासून अमेरिकेत बास्केटबॉल आणि कॉलेज ही जोडी अशी जमली की, एकाचे नाव घेतले म्हणजे दुसऱ्याचे आपोआप आठवावे. आपल्याकडे कॉलेजचा सामना पाहायला खेळाडूंचे मित्र आणि फार तर एखादे हौशी प्राध्यापक येतात. तिकडे तो पाहायला हजारो लोक तिकीट काढून जातात आणि कोट्यवधी लोक दूरदर्शन संचासमोर बसतात. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय प्रस्तुत लेखाचा विषय नीट समजणार नाही.

विषय असा की, अठरा वर्षांचा एखादा अमेरिकन मुलगा शाळेत असतानाच उत्तम बास्केटबॉल खेळू लागतो. त्याला त्या देशातील सर्वोच्च व्यावसायिक संघटनेत, म्हणजे एन्. बी. ए. मध्ये जायचे असते. ह्या संघटनेत ३० संघ आहेत आणि दरवर्षी एकदा ते नवीन खेळाडूंची निवड करतात. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तिच्या दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत नाव आले की ठरलेल्या श्रेणीप्रमाणे खात्रीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला तशी खात्री नसते. परंतु शाळा सुटली की लगेच या निवडीस उभे राहता येत नाही. मध्ये एक वर्ष जावे लागते. हे वर्ष कोठे घालवायचे? कॉलेजात, की परदेशातील एखाद्या संघात पगार घेऊन? मला या प्रश्नाचे कुतूहल वाटले ते खेळापेक्षा त्यातल्या ‘कॉलेज’ या शब्दामुळे.

प्रथम हे वर्ष आले कोठून ते पाहू. पूर्वी नियम याहून कडक होता. शाळा संपल्यावर चार वर्षे झाल्याखेरीज एन्. बी. ए. मध्ये प्रवेश नसे. या नियमाला धक्का दिला तो स्पेन्सर हेवूड याने. मिसिसिपी राज्यातील एका खेड्यात, कापूस वेचणाऱ्या कुटुंबात तो वाढला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये एकोणीस वर्षांचा असताना त्याने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पुढे कॉलेजची चार वर्षे पूर्ण होण्याआधीच सिॲटल येथील संघाने त्याला करारबद्ध केले आणि वाद न्यायालयात गेला. हेवूडला खेळू द्यावे असा खालच्या न्यायालयाचा हुकूम होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १ मार्च १९७१ रोजी तो पुन्हा लागू केला. त्यानंतर संघटनेने तडजोड काढली. ज्याची आर्थिक परिस्थिती खरोखर हलाखीची आहे त्याने तसे दाखवून द्यावे, म्हणजे त्याला लवकर प्रवेश मिळेल! हे वाचताना मला तहसील कचेरीतील उत्पन्नाच्या दाखल्याची रांग आठवली. गरिबी ही सगळीकडे अगोदर सिद्ध करावी लागते, असे दिसते. १९७६ मध्ये ही अट गेली.

दरम्यान १९७४ मध्ये मोझेस मलोन हा मुलगा मेरिलँड विद्यापीठात जायचे ठरलेले असताना शाळेतून थेट व्यावसायिक खेळात उतरला व पुढे थोर खेळाडू झाला. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स हे तिघेही कॉलेजची पायरी न चढता आले. ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु १९९८ मध्ये कोर्लिऑन यंग नावाचा मुलगाही असाच शाळेतून आला होता. दुसऱ्या फेरीत, चाळिसाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली आणि एन्. बी. ए. मध्ये तो अवघे तीन सामने खेळला. यशस्वी झालेल्यांची चरित्रे लिहिली जातात. तीन सामने खेळलेल्याचे कोण लिहिणार?

२००५ साली संघटना आणि खेळाडूंची युनियन यांच्यात जो करार झाला त्यात नवा नियम आला. निवडीच्या वर्षात खेळाडूला एकोणीस वर्षे पूर्ण झाली पाहिजेत आणि अमेरिकन मुलाच्या बाबतीत शाळा सुटून एक वर्ष लोटले पाहिजे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘कॉलेजात जा’ असे हा नियम म्हणत नाही. तो फक्त ‘थांब’ म्हणतो. पण थांबायला दुसरी जागाच नसल्यामुळे बहुतेक सर्व मुले कॉलेजात जाऊ लागली, एक वर्ष खेळून बाहेर पडू लागली आणि कॉलेजे एक प्रकारे प्रतीक्षालये झाली. ज्या मुलाला वर्षभरातच निघून जायचे आहे त्याने पहिल्या सत्रात कोणता विषय मन लावून वाचावा?

आता कॉलेजच्या बाजूचा विचार करू. तेथील खेळावर एन्. सी. ए. ए. या संस्थेचा अंमल चालतो. खेळाडूला शिष्यवृत्ती मिळे, म्हणजे फी, राहणे, जेवण, पुस्तके. पगार मात्र नाही. कारण तो हौशी खेळाडू, त्याचे नाव ‘विद्यार्थी-खेळाडू’. भाषेच्या विद्यार्थ्याने या जोडशब्दाकडे जरा थांबून पाहावे. १९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील एका कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात रे डेनिसन या विद्यार्थ्याच्या डोक्याला मार लागून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, म्हणून तो कामगार नव्हे, असा निकाल १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. एन्. सी. ए. ए. चे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले आहे की, खेळाडूंना नोकर मानले जाण्याचा धोका टाळण्यासाठी हा शब्द आणला गेला. शब्द नुसता वर्णन करीत नाही, कधी कधी तो दावाही फेटाळतो! आणि धंद्याचेच म्हणाल तर, मार्च महिन्यातील आपल्या वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे चौदा वर्षांचे हक्क याच संस्थेने २०१० मध्ये १०.८ अब्ज डॉलरना विकले.

अशा परिस्थितीत ब्रँडन जेनिंग्ज या मुलाने २००८ साली जे केले त्याची मोठी चर्चा झाली. कॅलिफोर्नियातील कॉम्पटन या भागातला हा मुलगा. ॲरिझोना विद्यापीठात त्याने जायचे ठरले होते, पण प्रवेशपरीक्षेच्या गुणांचा प्रश्न सुटला नव्हता. तेव्हा त्याने सरळ इटलीतील रोमच्या संघाशी करार केला आणि आई व धाकट्या भावाला बरोबर घेऊन तो तिकडे गेला. शाळेतून बाहेर पडून, कॉलेजला वळसा घालून युरोपात व्यावसायिक म्हणून खेळणारा या नव्या नियमानंतरचा हा पहिला नामांकित अमेरिकन मुलगा. पगार आणि बुटांच्या कंपनीचा करार मिळून त्याची कमाई दहा लाख डॉलरांच्या पलीकडे होती.

पण रोममध्ये त्याच्यासाठी कोणी गालिचा अंथरलेला नव्हता. युरोपातील संघ जिंकण्यासाठी खेळतात, पोरे घडविण्यासाठी नव्हे. प्रशिक्षक अनुभवी खेळाडूंना आधी उतरवीत. हा मुलगा, जो शाळेत असताना एकटा सामना फिरवीत असे, तो बाकावर बसून राही. इटलीच्या लीगमध्ये त्याची सरासरी पाच-सहा गुणांपलीकडे गेली नाही. तथापि २००९ च्या निवडीत तो दहाव्या क्रमांकावर घेतला गेला आणि १४ नोव्हेंबर २००९ रोजी, एन्. बी. ए. मधील आपल्या पहिल्याच मोसमात, त्याने एका सामन्यात ५५ गुण केले. रोमच्या बाकावर तो काय शिकला हे गुणफलकावरून कळत नाही. पण मोठ्या माणसांत खेळण्याची भीती तरी मोडली असावी.

जेनिंग्ज गेला म्हणून त्याच्या पाठोपाठ जेरेमी टायलर गेला. तो तर त्याच्याही पुढे. सॅन दिएगो येथे शाळेचे शेवटचे वर्षही न करता २००९ मध्ये तो इस्राएलमधील हैफाच्या संघाकडे गेला. वय अठरा. परका देश, परकी भाषा, चाळिशीकडे झुकलेले सहकारी, घरचे माणूस जवळ नाही. जेमतेम दहा सामने खेळून मोसम संपण्यापूर्वीच तो परत आला. पुढच्या वर्षी तो जपानमध्ये टोकियोच्या संघात चांगला रुळला, तर मार्च २०११ च्या भूकंपाने तो मोसमच अर्धवट राहिला. त्याच वर्षी त्याची निवड झाली ती ३९ व्या क्रमांकावर. जेनिंग्जच्या उदाहरणावरून जे लोक ‘परदेशी जा’ म्हणत होते ते टायलरनंतर थोडे गप्प झाले. माझ्या मते दोघांत फरक कौशल्याचा जितका, तितकाच सोबतीचा होता. एकाबरोबर आई होती.

एमॅन्युएल मुडिए याची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. आफ्रिकेतील काँगो देशात, किन्शासा येथे त्याचा जन्म झाला. तेथील युद्धामुळे त्याचे कुटुंब अमेरिकेत टेक्सास राज्यात आश्रयाला आले. वडील लहानपणीच गेलेले; आईने मुले वाढविली. डॅलसमधील एका विद्यापीठात त्याचे जायचे ठरले होते. २०१४ मध्ये त्याने ते सोडून चीनमधील ग्वांगडाँगच्या संघाचा सुमारे १२ लाख डॉलरचा करार पत्करला. आईला कष्ट उपसताना पाहवत नाही, असे कारण त्याने दिले. (त्याच्या शाळेमुळे एन्. सी. ए. ए. त्याला पात्र ठरवील की नाही याची शंका होती, हेही खरे.) चीनमध्ये दहा सामने झाल्यावर त्याचा घोटा दुखावला आणि मोसमाचा मोठा भाग तो बसून राहिला, तरी पुढच्या वर्षी सातव्या क्रमांकावर निवडला गेला.

आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात ‘संधी-खर्च’ ही संकल्पना शिकविली गेली. एक गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी सोडावी लागते ती त्या निवडीची खरी किंमत. परीक्षेत मी ही व्याख्या लिहिली, मार्कही मिळाले. पण ती खरी समजली ती घरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दादा बारावीनंतर वर्कशॉपमध्ये लागला आणि माझी फी त्याच्या पगारातून भरली जाते. मी ग्रंथालयात बसते ते प्रत्येक वर्ष कोणीतरी कामावर उभे राहून विकत घेतलेले असते. म्हणून ‘मुडिएने पैशासाठी शिक्षण सोडले’ असे कोणी म्हटले तर मला ते वाक्य अपुरे वाटते. ज्या घरात कोणीतरी कमवीत असते तेथेच शिक्षण फुकट मिळाल्यासारखे दिसते. शिष्यवृत्ती मुलाची फी भरते. आईचे घरभाडे भरीत नाही.

याचा अर्थ कॉलेजला किंमत नाही, असा मुळीच नाही. टिम डंकन याने आईला दिलेल्या वचनाखातर वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षे काढली, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मग १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर तो निवडला गेला. शकील ओनील १९९२ मध्ये पदवी न घेता निघून गेला होता. त्याने २००० साली, कोट्यधीश झाल्यावर, परत येऊन ती पूर्ण केली. म्हणजे कॉलेजचे दार मागाहूनही उघडते. ही बाब जेनिंग्ज-मुडिए यांच्या विरोधकांनी सहसा सांगितली नाही. वर्गाचे दार मागाहून उघडते, परंतु कॉलेजच्या संघाचे दार मात्र एकदा पगार घेतला की बंद होई; आणि हा बंद दरवाजा एका बाजूनेच होता. तुर्कस्तानचा एनेस कँटर २०१० मध्ये केंटकी विद्यापीठात आला. आपल्या देशातील क्लबकडून त्याने खर्चापेक्षा सुमारे ३३ हजार डॉलर अधिक घेतल्याचे सांगून त्याला एकही सामना खेळू दिला नाही. पुढच्याच वर्षी एन्. बी. ए. ने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले.

ऑस्ट्रेलियाने हे सारे पाहून २०१८ मध्ये अशा मुलांसाठी खास योजनाच काढली. इंग्रजी भाषा आणि मैदानावर हमखास संधी, असे तिचे स्वरूप. लामेलो बॉल हा २०१९ मध्ये वॉलोंगाँगच्या संघात गेला. सोळाव्या वर्षीच तो लिथुएनियात व्यावसायिक संघातून खेळलेला असल्यामुळे कॉलेजचे दार त्याच्यासाठी जवळजवळ लागलेलेच होते. बारा सामने खेळून पायाच्या दुखापतीने तो थांबला. तेवढ्या काळात तेथील वणव्यांच्या मदतीसाठी त्याने महिन्याचा पगार देऊ केला, आणि २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. मग एन्. बी. ए. लाच वाटले, आपली मुले परदेशी कशाला जाऊ द्यावीत? तिने २०२० मध्ये ‘इग्नाइट’ नावाचा संघ घरातच काढला. पगार देऊन खेळवायचे, शिवाय नंतर शिकायचे असल्यास ॲरिझोना स्टेट विद्यापीठाची फीही भरायची. या पहिल्या संघात पंजाबमधील डेरा बाबा नानक येथील प्रिन्सपाल सिंग हा आपला मुलगाही होता.

भारताचे नाव आले आहे तर सतनाम सिंगचा उल्लेख केला पाहिजे. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या गावच्या शेतकऱ्याचा हा सात फुटांहून उंच मुलगा २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील क्रीडा अकादमीत गेला. इंग्रजी येत नव्हते. खेळ सुधारला, पण कॉलेजच्या प्रवेशाला लागणारा अभ्यास आड आला. २०१५ मध्ये तो कॉलेज वगळूनच निवडीस उभा राहिला आणि ५२ व्या क्रमांकावर घेतला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. एन्. बी. ए. चा सामना मात्र त्याला कधी खेळायला मिळाला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच २०१५ साली कॅनडात वाढलेला, पंजाबी आईबापांचा मुलगा सिम भुल्लर एन्. बी. ए. मध्ये खेळला. तो न्यू मेक्सिकोतील विद्यापीठात दोन वर्षे काढून आलेला होता. तोही तीनच सामने खेळला, पण नंतर तैवानसारख्या ठिकाणी त्याचा खेळ चालू राहिला. भाषा ज्याला आधीपासून येते त्याच्यासमोर दोन वाटा असतात. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ‘निवड’ हा शब्द फार मोठा आहे. ग्रामीण भागातून आलेल्या माझ्या मैत्रिणींना हे निराळे समजावून सांगायला नको.

आतापर्यंत मी मुलांविषयीच लिहिले. मुलींचे काय? त्यांच्या संघटनेचा, डब्ल्यू. एन्. बी. ए. चा नियम याहून लांबचा. अमेरिकन मुलीला निवडीच्या वर्षी बावीस वर्षे पूर्ण तरी व्हावी लागतात, नाही तर पदवी झालेली असावी लागते. त्यामुळे मुली चार वर्षे शिकत आणि मग परदेशी जात. कारण घरचा पगार पुरत नसे. डायना टोरासी हिला रशियातील येकातेरिनबुर्गचा संघ इतके देत असे की, २०१५ मध्ये अमेरिकेतला मोसम न खेळता विश्रांती घेण्यासाठीही त्यानेच तिला पैसे दिले. त्याच संघाकडून खेळणारी ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. तिच्यावरील आरोपाविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण कॉलेजात नाव कमावलेली, पहिल्या क्रमांकाने निवडलेली ही खेळाडू हिवाळ्यात रशियात का होती, हा प्रश्न पगाराच्या तक्त्याकडे नेतो. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. मुलांच्या बाबतीत कॉलेज की परदेश असा प्रश्न होता. मुलींना आधी कॉलेज आणि मग परदेश, अशी दोन्हींची सक्तीच होती म्हणा ना.

मुलांचा प्रश्न मात्र २०२१ नंतर झपाट्याने पालटला. त्या वर्षी २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाशी निगडित लाभांवर मर्यादा घालणारे एन्. सी. ए. ए. चे नियम एकमताने बेकायदा ठरविले. १ जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, छायाचित्रावर, जाहिरातींवर पैसे मिळविण्याची मुभा झाली. जून २०२५ मध्ये एका मोठ्या दाव्याच्या तडजोडीला न्यायालयाची मान्यता मिळून, कॉलेजांनी स्वतःच खेळाडूंना पैसे देण्यासही वाट मोकळी झाली. २०२५–२६ साठी सर्व खेळांची मिळून मर्यादा एका कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

परिणाम काय झाला पाहा. इग्नाइट संघ २०२४ मध्ये बंद करण्यात आला. कॉलेजात तेवढेच किंवा जास्त पैसे मिळू लागल्यावर तेथे कोण जाणार? आणि प्रवाह उलटा वाहू लागला. रेआल माद्रिदमध्ये वाढलेला रशियन मुलगा येगोर ड्योमिन २०२४ मध्ये युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात दाखल झाला. बार्सिलोनाकडून खेळलेला लिथुएनियाचा कास्पारास याकुचोनिस त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात आला. २०२५ मध्ये पहिला आठव्या आणि दुसरा विसाव्या क्रमांकावर निवडला गेला. ज्या प्रकारच्या क्लबच्या पैशांसाठी कँटरला बाहेर बसविले, तशाच क्लबांतून आलेली ही मुले. जेनिंग्ज आणि मुडिए यांना शिक्षण नको होते, ही टीका किती खोल होती हे यावरून ताडता येते. त्यांना बिनपगारी वर्ष नको होते. पगार मिळू लागला तसे कॉलेज पुन्हा सर्वांना गोड लागले.

वर्गाचा प्रश्न मात्र आहे तेथेच आहे. २०२१ पासून खेळाडूला पहिल्यांदा कॉलेज बदलताना एक वर्ष बाहेर बसावे लागत नाही. जो जास्त देईल तिकडे जाण्याची मुभा आली आणि काही मुले तीन वर्षांत तीन कॉलेजे करू लागली. संघ बदलताना त्यांचे गुण, उंची, मिनिटे सगळे बरोबर जाते. परंतु एका कॉलेजात उत्तीर्ण झालेले सगळे विषय दुसऱ्या कॉलेजात पदवीसाठी धरले जातातच असे नाही. तेव्हा तिसऱ्या वर्षाचा खेळाडू पदवीच्या हिशेबाने कधी कधी अजून दुसऱ्या वर्षाच्या बाकावरच असतो.